यंत्र कुणाच्या गरजेचे, मजुरी कुणाच्या वाट्याची

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन बातम्या पाठोपाठ आल्या. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले, आणि केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. नवा कापूस घरात येण्याच्या तोंडावर हे झाले. तेव्हापासून सेलू-मानवतच्या मोंढ्यापासून संभाजीनगरच्या चर्चासत्रांपर्यंत एकच वाद ऐकू येतो: जागतिक व्यापाराने मराठवाड्याचे भले केले की वाटोळे? एक बाजू म्हणते, परदेशी मालाने आणि परदेशी कंपन्यांनी शेतकऱ्याला अन् कामगाराला मातीत घातले, आता दारे लावून घ्या. दुसरी म्हणते, व्यापाराला कशाला दोष देता? मजुरी मागे पडली ती यंत्रांमुळे, आणि यंत्र म्हणजे प्रगती. जो शिकला तो तरला, जो शिकला नाही तो मागे राहिला. वाद तावातावाने चालला आहे, पण माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नाला उत्तर देत आहेत.

व्यापार आणि यंत्र हे दोन वेगवेगळे आरोपी नाहीत. कोणते यंत्र शोधले जाईल, कुणाची अडचण दूर करण्यासाठी शोधले जाईल आणि पुढे ते कुणाच्या गावात येऊन पोहोचेल, हे बऱ्याच अंशी व्यापार ठरवतो. त्या यंत्राने वाढलेल्या उत्पन्नातला किती वाटा मजुराच्या हातात पडेल, हे मात्र व्यापारही ठरवत नाही आणि यंत्रही नाही. ते कायद्याने ठरते, संघटनेच्या ताकदीने ठरते, पोराला गावात कसले शिक्षण मिळाले आणि सरकारने आपली तिजोरी कुणासाठी उघडली यावरून ठरते. म्हणजे ते इथे ठरते, आणि म्हणून ते आपल्याला बदलताही येते. आयातशुल्कावर आपण जेवढा घसा कोरडा करतो, त्याच्या चौथाईनेही संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराबद्दल किंवा बीडच्या ऊसतोड कामगाराबद्दल बोलत नाही, ही माझी तक्रार आहे.

मराठवाड्याला व्यापार नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, साधे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात. पुढे सोळाशे वर्षांनीही हिंदुस्थानी सुती कापडाची जगभर तीच मातब्बरी होती. इंग्लंडमधल्या विणकरांना त्या कापडाशी दर्जात टक्कर देता येईना आणि दरातही येईना. मग १७०० साली आणि पुन्हा १७२१ साली कायदे करून तिथे छापील हिंदुस्थानी कापडावर बंदी घातली गेली. त्या बंदीच्या आडोशाला १७६० च्या दशकात सूतकताईची यंत्रे उभी राहिली आणि शंभर वर्षांच्या आत मँचेस्टरचे कापड आपल्या बाजारात आले. पुढे काय झाले ते आपल्या प्रत्येक विणकर गावाला माहीत आहे.

दारे लावा म्हणणाऱ्यांना हा दाखला फार प्रिय आहे, आणि त्यात तथ्यही आहे. इंग्लंड खुल्या व्यापाराची शिकवण जगाला देत फिरले ते आपला उद्योग संरक्षणाखाली वाढवून झाल्यावर. पण मग फ्रान्सचे काय? फ्रान्सनेही १६८६ पासून १७५९ पर्यंत, सत्तर वर्षांहून अधिक काळ, हिंदुस्थानी छिटांवर बंदी घातली होती. तिथे कताईयंत्राचा शोध का लागला नाही? नुसत्या बंदीने यंत्र जन्माला येत असते तर ते फ्रान्समध्ये आधी जन्मायला हवे होते. फरक मजुरीत होता. इंग्लंडमध्ये मजूर महाग होता आणि कोळसा स्वस्त होता. जिथे सूत कातणाऱ्या बाईला जास्त मजुरी द्यावी लागते, तिथे तिचे हात वाचवणारे यंत्र परवडते. हिंदुस्थानी कापडाच्या स्पर्धेने इंग्रज कारखानदाराला ते यंत्र शोधण्याची निकड दिली, आणि तिथल्या महाग मजुरीने त्या यंत्राची दिशा ठरवली. म्हणजे यंत्र हे आकाशातून पडलेले नव्हते. एका विशिष्ट समाजाच्या विशिष्ट टंचाईला दिलेले ते उत्तर होते, आणि व्यापाराच्या वाटेने ते अशा देशात पोहोचले जिथे ती टंचाईच नव्हती.

ही गोष्ट समजून घेतली की आजचा कोडे वाटणारा प्रकार उलगडतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात १९४१ पासून एक सिद्धांत शिकवला जातो. ज्या देशात मजूर मुबलक आहेत त्याने व्यापार खुला केला तर मजुराच्या हाताने बनणाऱ्या मालाला मागणी येते, मजुरी वाढते आणि विषमता घटते. तैवान आणि दक्षिण कोरियात काही दशके असेच घडले. मेक्सिकोने १९८० च्या दशकाच्या मध्यात दारे उघडली आणि तिथे मात्र शिकलेल्या आणि न शिकलेल्या कामगारांच्या पगारातले अंतर वाढले. भारतात १९९१ नंतर तेच दिसले. असे का व्हावे? एक कारण असे की सीमा ओलांडून नुसता माल येत नाही, माल बनवण्याची पद्धतही येते. श्रीमंत देश आपल्याकडचे जे काम बाहेर पाठवतो, ते त्याच्या दृष्टीने हलके असते. आपल्याकडे आल्यावर त्याच कामाला बारावी आणि आयटीआय झालेला मुलगा लागतो. ज्याच्याकडे ते शिक्षण आहे त्याची मागणी दोन्ही देशांत वाढते. ज्याच्याकडे नाही तो दोन्हीकडे मागे पडतो.

वाळूजच्या एखाद्या सुट्या भागांच्या वर्कशॉपमध्ये हे डोळ्यांनी पाहता येते. पूर्वी साध्या लेथवर काम करणारा टर्नर आपले टूल स्वतः घासून धार लावायचा, मायक्रोमीटरने माप घ्यायचा, आवाजावरून ओळखायचा की काप खोल जातोय. हे कसब अंगात मुरायला वर्षे जात, आणि म्हणून मालकाला त्याला सांभाळून घ्यावे लागे. संगणकाच्या हुकमावर चालणारे सीएनसी यंत्र आले आणि ते एक कसब तीन तुकड्यांत फुटले. प्रोग्राम लिहिणारा एक, यंत्राची सेटिंग लावणारा दुसरा, आणि जॉब चढवून, दार लावून, बटण दाबून, जॉब उतरवणारा तिसरा. पहिल्या दोघांचा भाव वाढला. तिसरा ऑपरेटर म्हणवला जातो, पण त्याचे काम पंधरा दिवसांत दुसऱ्या कुणालाही शिकवता येते, हे मालकालाही माहीत आहे आणि त्यालाही. म्हणून तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. कधी तो ट्रेनी असतो, कधी अप्रेंटिस, कधी कॉन्ट्रॅक्टवाला. सहा-सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसऱ्या गेटवर रांग. माजलगाव, गंगाखेड, जिंतूरकडची पोरे अशी एका खोलीत सहा-सहा जण राहून वर्षे काढतात. त्याच शेडमधल्या परमनंट कामगाराच्या पगाराशी त्यांच्या पगाराचे अंतर दुपटी-तिपटीचे असते. यंत्र तेच, माल तोच, निर्यातही तीच.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मान्य केला पाहिजे. व्यापार नसता तर ते वर्कशॉपही नसते. १९९० मध्ये आपले सरासरी आयातशुल्क ८० टक्क्यांच्या वर होते, १९९६ पर्यंत ते ४० च्या आत आले. बाहेरचे सुटे भाग, कच्चा माल आणि यंत्रे स्वस्त झाल्यामुळे भारतीय कारखान्यांनी कितीतरी नवी उत्पादने बाजारात आणली. अभ्यासकांनी त्या दशकातल्या नव्या उत्पादनांपैकी सुमारे ३१ टक्के वाटा या शुल्ककपातीच्या खात्यावर टाकला आहे. बाहेरच्या ग्राहकाने माल नाकारला तेव्हाच आपल्या पुरवठादारांनी मापाची शिस्त अंगी बाणवली, हेही वाळूज-चिकलठाण्यात जुनी माणसे मोकळेपणाने सांगतात.

शिवाय बंद दाराच्या काळाची आठवण काढून हळहळणाऱ्यांना मला विचारायचे आहे की त्या काळात मराठवाडा सुखात होता का? १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटले ते आयातशुल्क आभाळाला भिडले असताना. गोविंदभाई श्रॉफांची पिढी रस्त्यावर उतरली ती रोजगार, रेल्वे आणि पाणी मागण्यासाठी. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने विकासाच्या अनुशेषाचा हिशेब मांडला तोही त्याच काळातला. संरक्षणाची मलई तेव्हा मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्याने खाल्ली, आणि आपली पोरे कामाला तिकडेच गेली. देशाला भिंत घातली म्हणजे भिंतीच्या आत समता नांदते, हा समज मराठवाड्याने तरी बाळगू नये.

शेतीत हा सारा मामला आणखी स्पष्ट होतो, कारण तिथे एकाच पिकावर दोन उलटे परिणाम शेजारी शेजारी दिसतात. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ते तंत्र अमेरिकन कंपनीचे, आणि ते भारतात आणण्यात जालन्यातून वाढलेल्या बियाणे कंपनीची भागीदारी. बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीची काही वर्षे घटल्या, बोंडे वाढली. आणि बोंडे वाढली म्हणून वेचणी वाढली. वेचणी आपल्याकडे बायाच करतात, त्यामुळे त्यांच्या मजुरीचे दिवस वाढले. (पुढे गुलाबी बोंडअळीने या बियाण्याला दाद देणे सोडले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रभर हाहाकार उडाला, तो वेगळा आणि मोठा विषय.) आता त्याच कापसात तणनाशक सहन करणारे वाण बेकायदा असूनही चोरवाटेने शेतात पोहोचले आहे. फवारणी केली की तण जळते, कापूस उभा राहतो. खुरपणीची गरजच उरत नाही. अमेरिकेतल्या हजार एकरांच्या शेतकऱ्याला तणाचा प्रश्न मजुरांच्या हातांनी सोडवता येणे शक्यच नव्हते, त्याच्यासाठी हे वाण घडले. आपल्याकडे ते आले की पहिला घाव बसतो तो खुरपे हातात घेऊन सरीत बसणाऱ्या बाईच्या आषाढ-श्रावणातल्या मजुरीवर. भूमिहीन घरात त्या दोन महिन्यांचा पैसा म्हणजे पोरांच्या शाळेचा पैसा असतो.

म्हणजे पीक एक, तंत्राचा उगम एकाच देशातला, व्यापाराची वाट एकच. एका शोधाने बाईची मजुरी वाढली, दुसऱ्याने ती खाल्ली. मग ‘जागतिकीकरणाने मजूर मेला’ हे विधान खरे की ‘जागतिकीकरणाने मजूर जगला’ हे खरे? दोन्ही विधाने इतकी ढोबळ आहेत की त्यांवर भांडणे म्हणजे वेळ घालवणे आहे. विचारायला हवा तो प्रश्न असा: आपल्या जमिनीच्या, आपल्या पावसाच्या आणि आपल्या माणसांच्या गरजेतून निघालेले संशोधन आपण किती करतो? परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे आपण केवळ नोकरभरती आणि शिवारफेरीच्या निमित्ताने पाहतो. तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला झेपेल आणि वेचणाऱ्या बाईची कंबर वाचवील पण तिचा रोजगार खाणार नाही, असे अवजार शोधण्याचे काम अमेरिकेतल्या आयोवात होणार नाही. जगाशी व्यापार करणाऱ्याने स्वतःची प्रयोगशाळा मोडकळीस आणली, तर त्याला दुसऱ्याच्या गरजेचे यंत्र विकत घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

शेतमालाच्या भावाबद्दल मात्र दारे लावा म्हणणाऱ्यांचे बरेचसे म्हणणे मला पटते. लातूरचा सोयाबीन शेतकरी २०२१ मध्ये क्विंटलला दहा हजारांचा भाव पाहून हरखला होता. ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवे सोयाबीन बाजारात येईपर्यंत भाव कोसळला होता. पुढे त्याच वर्षी डिसेंबरात सोयाबीनचे वायदे व्यवहार बंद झाले. कापसाचेही तसेच. ब्राझीलने २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि ती जिंकली. म्हणजे ज्याला आपण खुली बाजारपेठ म्हणतो तिथे सगळ्यात मोठा निर्यातदारच सरकारी पैशाने भाव पाडत होता, हे सिद्ध झालेले आहे. अशा बाजारात आपल्या शेतकऱ्याला ऐन काढणीत शुल्कमाफी करून उतरवणे अन्यायाचे आहे, आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण इथेही एक गोष्ट विसरली जाते. भाव सावरला तर तो जमीनवाल्याचा सावरतो. गुत्त्याने सोयाबीन काढणाऱ्या टोळीला त्यातले काय मिळते? पंजाबातून आलेला हार्वेस्टर तासाभरात एकरभर रान मोकळे करतो, तेव्हा भाव चार हजार असो की सात हजार, त्या टोळीचा गुत्ता जातोच. शेतकऱ्याचे हित आणि शेतमजुराचे हित बरेचदा एकाच घोषणेत कोंबले जाते, आणि त्यात मजुराचा आवाज दबतो.

आता उसाकडे येऊ. दर दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालन्याकडून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, कोप्यावरचा संसार, पहाटे फडात जाऊन रात्री ट्रक भरून देण्यापर्यंत काम. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. २०२४ च्या सुरुवातीला, बऱ्याच आंदोलनांनंतर आणि वाटाघाटींनंतर, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. लगेच सूर उमटला की मजुरी अशी वाढवत गेलात तर कारखाने तोडणी यंत्रे आणतील आणि सगळ्यांचेच काम जाईल. हा आक्षेप फालतू नाही. इंग्लंडच्या कताईयंत्राबद्दल मी वर जे म्हटले तेच तत्त्व इथे लागू होते: मजुरी महागली की यंत्राला वाट मिळते. अमेरिकेच्या दक्षिणेत १९४० च्या दशकात कापूस वेचणारे यंत्र आले आणि लाखो कृष्णवर्णीय मजूर उत्तरेच्या शहरांकडे गेले.

माझे उत्तर असे आहे. ऊसतोडीला यंत्र यावेच. बाळंतिणीने दहाव्या दिवशी मोळी डोक्यावर घ्यावी, असले काम टिकवून धरण्यात कसली आली आहे मजुरांची कळकळ? स्वस्त मजुरी हे यंत्र थोपवण्याचे हत्यार म्हणून वापरायचे, म्हणजे माणसाला गरीब ठेवून त्याचा रोजगार वाचवायचा. पण यंत्र येताना सरकार काय करते ते पाहा. कोटीच्या घरातल्या तोडणी यंत्राला ४० टक्के किंवा कमाल ३५ लाखांचे अनुदान देण्याची योजना झाली. हा पैसा यंत्र विकत घेणाऱ्याला मिळतो, आणि एवढे यंत्र घेऊ शकणारा माणूस कोयता चालवणारा नसतो. मग विस्थापित होणाऱ्या टोळीचे काय? तिच्यातल्या पोरांना ते यंत्र चालवायला, दुरुस्त करायला शिकवण्याची अट त्या अनुदानाला का जोडली जाऊ नये? टोळ्यांची सहकारी संस्था काढून यंत्र तिच्याच मालकीचे का होऊ नये? सहकाराने साखर कारखाने उभे करणाऱ्या महाराष्ट्राला एवढे सुचू नये, हे पटत नाही. सुचलेले आहे, पण ज्यांच्यासाठी करायचे त्यांची ताकद कारखान्याच्या संचालक मंडळाच्या बैठकीत मोजली जात नाही.

उद्योगातही हाच कल आहे. महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रोत्साहन योजनांत सवलतीची मर्यादा प्रामुख्याने स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या टक्केवारीत बांधलेली असते. म्हणजे मालक जितके महाग यंत्र आणील तितकी सवलत मोठी. माणूस कामाला ठेवणे आणि त्याला शिकवणे यावर तसे भरघोस काही नाही. मजूर मुबलक आणि भांडवल तुटपुंजे असलेल्या प्रदेशात आपण आपल्याच पैशाने माणसापेक्षा यंत्र स्वस्त करतो, आणि नंतर म्हणतो की काय करणार, तंत्रज्ञानच तसे आहे! यंत्राची दिशा नैसर्गिक नियमाने ठरते हे सांगणाऱ्यांनी या सवलतींचा हिशेब एकदा मांडून दाखवावा.

या सगळ्याचे फलित आकड्यांत दिसते. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत २००० च्या सुमारास पाचांत एक कामगार कंत्राटी होता; आता पाचांत दोन आहेत. कारखान्यांनी घातलेल्या निव्वळ मूल्यभरीत, म्हणजे कच्चा माल आणि यंत्रांची झीज वजा जाता उरलेल्या मूल्यात, कामगारांच्या वेतनाचा वाटा १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ३० टक्के होता, तो २००० च्या दशकाच्या अखेरीस १० टक्क्यांच्या आसपास आला. कंत्राटीकरण ही काही आयात केलेली वस्तू नव्हे. जर्मनीही तीच यंत्रे वापरते, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त निर्यात करते, आणि तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. खुद्द इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जवळपास अर्धशतक कारखान्यांचे उत्पादन वाढत राहिले आणि कामगाराची मजुरी जेमतेम जागच्या जागी राहिली. त्या काळात तिथे कामगार संघटनांवर बंदी होती; ती १८२४ मध्ये उठली, १८४७ मध्ये स्त्रिया आणि मुलांच्या कामाला दहा तासांची मर्यादा आली, १८७० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मजुरी वर सरकली ती याच वाटचालीत. यंत्रे त्या काळात कमी झाली नव्हती, व्यापार तर कितीतरी वाढला होता.

आणि परदेशाकडे कशाला पाहायचे? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याची माणसे खडी फोडायला बसली, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बाईला आणि गड्याला एकच दर, आणि मागेल त्याला काम. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याला हमीच्या दराखाली सालगडी मिळेना, तेव्हा त्याने किती आरडाओरड केली हे जुन्या लोकांना आठवत असेल. शेती बुडेल म्हणाले होते, बुडाली नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस दिला. पाठीवर पोते वाहणारा माणूस, ज्याच्या कामात कसलेही नवे तंत्र नव्हते, त्याची मजुरी केवळ संघटना आणि कायदा यांच्या जोरावर वर गेली. ‘शिकला तो तरला’ म्हणणाऱ्यांनी या माणसाचा विचार करावा. तो काय शिकला होता?

शिक्षणाचे महत्त्व मी नाकारत नाही. भारतातल्या शुल्ककपातीचा जिल्हावार अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की ज्या ग्रामीण जिल्ह्यांचे उद्योग-शेती आयातीच्या स्पर्धेला जास्त सामोरे गेले, तिथे गरिबी इतर ठिकाणांपेक्षा मंद गतीने हटली. आणि जिथे माणसांना एक धंदा सोडून दुसरीकडे जाणे कायद्याने, अंतराने किंवा अडाणीपणाने अवघड होते, तिथे फटका जास्त बसला. म्हणजे हलता येणे हीच मोठी सुरक्षा. हिंगोलीच्या आयटीआयमध्ये अजून जुनाच लेथ असेल आणि वाळूजला सीएनसीच लागत असेल, तर त्या पोराला हलता येणार नाही. पण तो हलला तरी गेटवर ठेकेदारच उभा असेल, तर शिकूनही तो फार वर जाणार नाही. दोन्ही दारे एकदम उघडावी लागतात.

म्हणून आत्ता, याच काळात, लक्ष बिडकीनकडे असायला हवे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक हे औद्योगिक शहर उभे राहते आहे. टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला, एथर विजेवरच्या स्कूटरींचा कारखाना आणते आहे. ही गुंतवणूक यावी, मी तिच्या स्वागताला उभा आहे. विजेवरच्या गाडीत इंजिनाच्या गाडीपेक्षा फिरते भाग फार कमी असतात. आज पिस्टन, गिअर, शाफ्ट बनवणाऱ्या आपल्या शेकडो छोट्या वर्कशॉपचे पुढे काय, हा प्रश्न त्याच बिडकीनच्या रस्त्यावर उभा आहे. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यात कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या कारखान्यांना आणि ठेकेदारांनाच लागू आहेत. महाराष्ट्राने तर ही मर्यादा २० वरून ५० वर आधीच नेली होती. सुट्या भागांच्या वर्कशॉपांत पन्नासाच्या आतले ठेकेदार किती असतात हे वाळूजच्या कोणत्याही कामगाराला विचारा. यावर मराठवाड्यात किती सभा झाल्या? किती अग्रलेख आले? कापसाच्या शुल्कमाफीवर जेवढे आले त्याच्या किती पट कमी?

शेवटचा आक्षेप नेहमीचा: अटी घातल्या तर गुंतवणूक दुसऱ्या राज्यात पळेल. २०२४ च्या सप्टेंबरात तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यात कामगार ३७ दिवस संपावर होते, मागणी होती संघटनेच्या मान्यतेची. पुढे जानेवारी २०२५ मध्ये संघटनेची नोंदणी झाली. कारखाना तिथेच आहे, आणि देशात सर्वांत जास्त कारखाना कामगार आजही तामिळनाडूतच आहेत. बिडकीनला जमीन शेतकऱ्यांनी दिली आहे, पाणी जायकवाडीचे आहे, रस्ते आणि वीज सरकारी पैशाने आली आहे. तेव्हा सवलतीच्या करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. कायम कामगारांचे किमान प्रमाण ठरवावे. एकाच कामाला एकच वेतन असावे, मग हजेरीपट कुणाचाही असो. आठही जिल्ह्यांतल्या आयटीआयमध्ये कारखान्यात चालते तेच यंत्र कंपनीने बसवून द्यावे. आणि सुट्या भागांच्या जुन्या वर्कशॉपांना नव्या गाडीचे काम शिकून घ्यायला मुदत अन् मागणी द्यावी. हे करार सह्या होण्याआधी जिल्हा पातळीवर जाहीर वाचले जावेत, आणि त्या बैठकीला वाळूजच्या कंत्राटी कामगारांचे प्रतिनिधी बोलावले जावेत.